विनीच्या परातीतलं सोनं

"ती आपली नाही, असं मी म्हटलेलं नाही," लॉरेल म्हणाली. "परातीचा मान आपल्या घरातल्या मुलांचा असतो, एवढंच म्हटलं."

"म्हणजे तेच म्हटलंस," ग्लेन म्हणाला.

ट्रेवास्किस मंडळी ईस्टरच्या सुट्टीत मॅगपाय फ्लॅट या जुन्या सोन्याच्या गावी आली आणि भांडली नाहीत, असं साल उजाडलेलं नाही. यंदा फक्त मुहूर्त लवकर लागला. अजून गाडीतून गाद्या उतरल्या नव्हत्या. भाड्याचं घर नेहमीचंच होतं आणि नेहमीचाच नळ गळत होता. लॉरेलचा भाऊ ग्लेन प्लंबर होता, पण सुट्टीत पान्याला हात लावायचा नाही असा त्याचा नेम असल्यामुळे त्या नळाखाली गेली कित्येक वर्षं तीच बादली होती.

भांडण परातीवरून होतं. घरातलं मूल आठ वर्षांचं झालं, की ईस्टरच्या शनिवारी त्याने गावाखालच्या ओढ्यावर जायचं. मूळपुरुष विल्यम ट्रेवास्किस विलायतेतल्या कॉर्नवॉलहून येऊन ज्या वळणावर सोनं खणत बसला, त्याच वळणावर परातीत रेती घोळायची. तळाशी पिवळा कण चमकला, की काठावरच्या सगळ्यांनी "रंग लागला!" म्हणून बोंब ठोकायची. तो कण औषधाच्या एवढ्याशा बाटलीत जायचा, बाटलीला नावाची चिठ्ठी लागायची आणि बाटली जिलाँग शहरात, आजीच्या दिवाणखान्यातल्या फळीवर. त्या फळीवर बाटली आहे तो ट्रेवास्किस. चार पिढ्यांत एकही मूल रिकाम्या हाताने परतलं नव्हतं. आमच्या रक्ताला सोन्याची ओढ आहे, असं ही मंडळी परक्यांना सांगत. विल्यमला सापडलेला सोन्याचा गोळा त्याच्या स्वतःच्या तोंडी अंगठ्याएवढा होता. नातवाच्या तोंडी तो बटाट्याएवढा झाला आणि डडली काकांनी दोन बिअर रिचवल्या की आख्ख्या पावाएवढा होई.

यंदा आठ वर्षांची झाली होती विनी. ती ग्लेनच्या नव्या बायकोची, जोसलिनची, पहिल्या लग्नाची मुलगी. तिने आपल्या बाटलीची चिठ्ठी घरूनच रंगवून आणली होती.

जोसलिन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. "लॉरेल, माझे खापरपणजोबाही याच ओढ्यावर होते, बरं का. तुमच्या विल्यमनी आणि त्यांच्या दोस्तांनी त्यांना तंबूसकट पिटाळलं. चिनी लोकांनी सोन्याला हात लावायचा नाही, म्हणून. मग तुम्ही उकिरड्यात टाकलेली रेती त्यांनी पुन्हा धुतली आणि त्यातनं पोरांची लग्नं लावली."

"ते फार जुनं झालं," लॉरेल म्हणाली.

"आणि विल्यम काय परवाचा आहे?"

डडली काका खुदकन हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. ते वारलेल्या क्लेमचे धाकटे भाऊ. त्यांची फुप्फुसं आता नावापुरतीच उरली होती, पण विनोद कळला की ती आधी कामाला लागत.

"क्लेम असता तर..." त्यांनी सुरुवात केली.

"क्लेम नाहीये," मर्ल म्हणाली. मर्ल म्हणजे क्लेमची विधवा, लॉरेल आणि ग्लेनची आई. नवरा हिवाळ्यात गेल्यापासून ती कमी बोलत होती आणि त्यामुळे सगळे तिला जास्त भीत होते. "उद्या पोरगी परात घोळेल. रंग लागला तर बाटली फळीवर. नाही लागला तर नाही, आणि मग त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. ओढ्यालाच ठरवू दे."

सगळ्यांनी इतक्या चटकन माना डोलावल्या, की जरा डोकं असलेल्या कुणालाही संशय आला असता.

"पण ओढ्याला कसं कळणार, मी कोण आहे ते?" गाडीतून आपली उशी घेऊन आलेल्या विनीने विचारलं.

मर्ल म्हणाली, "आधी बूट काढ."

*

लॉरेल दुष्ट नव्हती. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि हे दोन गुण नेहमीच सारखे दिसतात, त्याला ती तरी काय करणार?

शनिवारी सकाळी खिडकीशी केस विंचरताना तिला स्वतःचा शनिवार आठवत होता. पाणी इतकं गार की बोटं बधिर झालेली. बाबा शेजारी वाकून उभे, ओठात सिगारेट. "हलव, लॉरी. घाई नको. सोनं जड असतं, ते जागा सोडत नाही." आणि मग काळ्या रेतीच्या कडेला ते पिवळे कण. आयुष्यात तिला पुढे पदव्या मिळाल्या, पदकं मिळाली, एक नवरा मिळाला आणि गेला. पण स्वतःच्या हाताने, जमिनीच्या पोटातून, कुणाच्या उपकाराशिवाय मिळालेलं असं तेवढंच. शाळेच्या प्रार्थनेनंतर ती मुलींना दरवर्षी सांगे, "माणसं खोटं बोलतील, माती बोलणार नाही."

म्हणून तिला विनीची भीती वाटत होती. ओढा त्या पोरीला काही देणार नाही, चारचौघांत ती रिकामी परात घेऊन उभी राहील, आणि तिचे ते बारके ओठ थरथरतील. मुळात तिला तिथे उभंच करू नये, असं लॉरेलचं म्हणणं होतं. आता खरं सांगायचं तर तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला ती परात रिकामी निघायला हवीही होती. तो कोपरा तिला आवडत नव्हता, पण तो होता.

*

ग्लेन त्याच वेळी गावातल्या दुकानात उभा होता. काउंटरमागच्या बाईने शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची झालरीची टोपी घातली होती आणि टोपीखाली मोबाइल कानाला लावला होता.

"ती सोन्याच्या कणांची नळी द्या. खरं आहे ना?"

"खरंच आहे. पलीकडच्या खाणीतलं." बाईने मोबाइल खाली ठेवला. "आज काय सण-बिण आहे का हो? एरवी महिन्यात एखादी खपते. आज सकाळपासून तुम्ही तिसरे."

ग्लेनला शंका यायला हवी होती. पण तो आपल्याच गुपिताच्या ओझ्याखाली दबला होता. वीस वर्षांचा असताना बाबांनी त्याला गॅरेजमध्ये नेऊन, दार लावून सांगितलं होतं, "त्या वळणावरचं सोनं माझ्या आजोबांच्या काळात संपलं, पोरा. मीच पेरतो. हे तुझ्या एकट्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी गेल्यावर तू पेरायचं. आणि लॉरेलला कळलं तर तुझी चामडी सोलीन." घरात एवढ्या विश्वासाने त्याला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. ते गुपित त्याने देवघरातल्या मूर्तीसारखं जपलं होतं.

दुकानाबाहेर जोसलिन पोस्टकार्डांच्या फिरत्या स्टँडमागे उभी होती.

"तू इथे?"

"पोस्टकार्ड घ्यायला. तू?"

"दूध आणायला."

"दूध कुठंय?"

"संपलंय म्हणे. पोस्टकार्ड?"

"चांगली नाहीत."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती दोघं हातात हात घालून घरी निघाली, आणि दोघांच्याही दुसऱ्या हाताची मूठ खिशात होती. जोसलिनला ट्रेवास्किसांचं कसलंच गुपित माहीत नव्हतं. तिने फक्त विचार केला होता. चार पिढ्यांत एकही मूल रिकामं परत येत नाही म्हणजे कुणीतरी हातचलाखी करत असणार. आणि तो कुणीतरी बहुतेक हिवाळ्यातच पुरला गेला. आपल्या मुलीला ओढ्याच्या दयेवर सोडायला ती काही खुळी नव्हती.

दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक होते डडली काका. त्यांनाही क्लेमनेच सांगितलं होतं, बिअर पिताना, "तुझ्या एकट्याशिवाय" म्हणून. काकांना क्लेमची रीतही ठाऊक होती. जुने ठग करायचे तीच. सिगारेटच्या तंबाखूत सोन्याचा भुगा मिसळायचा, परातीवर वाकून झुरके घ्यायचे आणि राख पाण्यात झाडायची. आता ते बाकावर बसून, डॉक्टरांच्या नावाने शिव्या घालत, कित्येक वर्षांनी पहिली सिगारेट वळत होते.

आणि मर्ल? तिला क्लेमने काहीच सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागलं नाही. क्लेम सोनं विकत घेणाऱ्यातला नव्हता. घरातलं एखादं मूल आठ वर्षांचं झालं, की क्लेमच्या बोटातली लग्नाची अंगठी थोडी बारीक होई. पहिल्यांदा कारण न कळून ती रडली होती. दुसऱ्यांदा तिला कळलं, आणि तिने कळल्याचं कळू दिलं नाही. इस्पितळातून तिच्या हातात परत दिली ती अंगठी तारेएवढी उरली होती. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, ती आता नखांच्या कानशीने तीच तार घासत होती. लग्नाची अंगठी पोराबाळांवर उधळणाऱ्या माणसाला शिव्या द्याव्यात की काय करावं, हे तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. तिला त्याची फार आठवण येत होती. भुगा तिने नखांत भरला.

*

दहाच्या सुमाराला ओढ्याच्या काठावर जत्रा होती. सुट्टीचे पाहुणे, पोराबाळांच्या हातात भाड्याच्या पराती, जुन्या काळच्या पोलिसाचा निळा गणवेश आणि लाकडी तलवार लावून फिरणारा पर्यटन कचेरीचा माणूस. विनी गुडघाभर पाण्यात उभी होती. परात तिच्या छातीहून रुंद होती.

"रेती मी देतो," ग्लेन फावडं घेऊन म्हणाला. त्याने काठावरची भरपूर रेती सोडून, एका विशिष्ट दगडाशेजारची, बरोब्बर तेवढीच खणली.

"तिथलीच का?" लॉरेलने विचारलं.

"चांगली दिसते."

डडली काका पाण्यात उतरले, परातीवर वाकले आणि त्यांनी सिगारेट पेटवली.

"काका! तुम्हाला बंदी आहे ना?"

"क्लेमच्या आठवणीसाठी," काका म्हणाले, आणि त्यांना असा ठसका लागला की सिगारेट जळत्या टोकासकट परातीत पडली.

"काढा ते! काढा!" म्हणत मर्लने दोन्ही हात परातीत बुडवले. थोटूक काढायला तिने अंमळ जास्तच वेळ लावला, आणि हात धुतल्यासारखे खळखळून बाहेर काढले.

"बाही भिजली गं तुझी," जोसलिन पाण्यात शिरली. विनीची बाही परातीवरच वर दुमडून देताना तिने स्वतःची बाही हलकेच झटकली.

"पोरीला हलायला जागा तरी द्या!" लॉरेल ओरडली. "सगळे बाजूला व्हा! हलव, विनी. घाई नको. सोनं जड असतं."

विनीने परात हलवली. गोल, गोल, मग पुढे झुकवून. गढूळ पाणी गेलं, खडे गेले, मग काळी रेती कडेला सरकली.

अति तिथे माती म्हणतात. इथे माती कमी आणि सोनंच अति झालं. परातीच्या तळावर पिवळा थर पसरला होता, पोळीवर साजूक तूप माखावं तसा. विल्यम ट्रेवास्किसने जन्मात एका वेळी एवढं पाहिलं नसेल.

"रंग लागला!" चौघांनी एकदम बोंब ठोकली, आणि मग चौघांनीही परातीत नीट पाहिलं आणि चौघांची तोंडं एकदम मिटली.

उशीर झाला होता. शेजारच्या एका टकल्या गृहस्थाने डोकावून पाहिलं आणि "अरे देवा!" म्हणून बुटांसकट पाण्यात उडी घेतली. त्याच्यामागून त्याची बायको, मग सहलीची पोरं, मग शिट्टी वाजवत त्यांच्या बाई. कुणी टोपीने रेती उपसू लागलं, कुणी जेवणाच्या डब्याने. एका तरुणाने तान्ह्या बाळाची गाडी रिकामी करून, बाळ बायकोकडे देऊन, गाडीच वाळूत लोटली. मघापर्यंत मोबाइलवर छायाचित्रं काढणारी सुसंस्कृत माणसं कोपराने एकमेकांना ढकलत होती. निळ्या गणवेशातला माणूस लाकडी तलवार उपसून "रांग लावा! रांग लावा!" ओरडत होता आणि त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. शेवटी तो धापा टाकत विनीपाशी आला आणि त्याने कागद-पेन काढलं.

"कुणाला सापडलं? हिला? वर्तमानपत्रात देतो. बाळ, नाव काय तुझं?"

"मला नाही सापडलं," विनी म्हणाली.

"म्हणजे?"

"यांनी टाकलं." तिचा आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "काकांच्या सिगारेटमधनं पडलं. मर्ल आजीच्या नखांतनं. आईच्या बाहीतनं. आणि ग्लेन सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन इकडे आला होता, मी खिडकीतून पाहिलं." तिने खिशातून रंगवलेली चिठ्ठी काढली आणि मर्लपुढे धरली. "रंग लागला नाही, आजी. म्हणजे बाटली नाही. तूच म्हणालीस ना."

आता तिचे ओठ थरथरू लागले होते.

मर्लने चिठ्ठी घेतली नाही. लॉरेल मात्र विनीकडे बघतच नव्हती. ती डडली काकांच्या बोटांतल्या विझलेल्या थोटकाकडे बघत होती.

"सिगारेटमधनं," ती म्हणाली. "बाबा घरी ओढत नसत. फक्त इथे ओढायचे."

ती मर्लकडे वळली.

"आई?"

"तुला सांगायचं नाही, असं त्याने बजावून ठेवलं असणार," मर्ल म्हणाली.

"कुणाला बजावून?"

"मला," ग्लेन म्हणाला. "मला एकट्यालाच माहीत होतं."

"चल! मला एकट्याला माहीत होतं," डडली काका म्हणाले. "शपथ घातली होती त्याने!"

"मलापण शपथ घातली होती!"

"भामटा साला," काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्यांना तेच सांगून गेला."

"मला सोडून," लॉरेल म्हणाली.

ते पाणी, ती बधिर बोटं, ते जमिनीच्या पोटातून निघालेले पिवळे कण. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट पडत होती आणि पडताना आवाज करत होती. तिला राग आला. इतका, की बाप जिवंत असता तर तिने त्याला ओढ्यात बुडवलं असतं. घरातल्या दारुड्या काकालाही जे ठाऊक होतं, ते तिच्यापासून लपवलं, कारण तिला ते सोसणार नाही असं त्याला वाटलं. आणि आत्ता ते सोसत नव्हतं, हे त्याहून वाईट होतं.

"बाई," निळ्या गणवेशाने घसा खाकरला, "यात काही बनवाबनवी असेल तर मला वर कळवावं लागेल. हे बघा, माणसं बुडतील इथे. खरं काय ते तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या दिसता."

लॉरेलने परातीकडे पाहिलं. मग चिठ्ठी धरलेल्या त्या ओल्या, एवढ्याशा हाताकडे.

"खरं काय असायचंय?" ती म्हणाली. शाळेच्या प्रार्थनेनंतर बोलायचा तो आवाज तिने लावला, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. "ही माझी भाची. आमच्या मुलांना इथे सोनं सापडतंच, चार पिढ्या सापडतंय. आणि हे सोनं इथलं नाही. आम्ही रेती वरनं आणली. तिकडनं, धरणाच्या पलीकडच्या वळणावरनं."

ओढ्यातल्या माना एकदम वर झाल्या. मग टकले गृहस्थ परात डोक्यावर धरून धावत सुटले, त्यांच्यामागे सहलीची पोरं, बाई, बाळाची गाडी. निळा गणवेशही तलवार सावरत त्यांच्यामागे गेला. थोड्या वेळात ओढ्यावर ट्रेवास्किसांशिवाय कुणी उरलं नाही.

"लॉरेल," ग्लेन म्हणाला, "तू खोटं बोललीस."

"ठाऊक आहे मला. गप्प बस."

ती बुटांसकट पाण्यात उतरली. तिचा चांगला सुट्टीचा स्कर्ट पाण्यावर फुगला. ती विनीपुढे उभी राहिली.

"पण मला खरंच नाही सापडलं," विनी म्हणाली. तिने नाक बाहीला पुसलं.

"मलाही नव्हतं सापडलं," लॉरेल म्हणाली. "माझ्या बाबांनी टाकलं होतं. एकट्यांनी. तुझ्या परातीत चौघांनी टाकलंय, विनी. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या परातीत एवढ्या जणांनी काही टाकलं नाही."

विनीने मागे वळून त्या चौघांकडे पाहिलं. ती चौघं चोरी पकडलेल्या पोरांसारखी रांगेत उभी होती.

लॉरेलने दोन्ही हात डाव्या कानाकडे नेले. बोटं गारठल्यामुळे फिरकी निघेना. तिने ओठ दाबून ती ओढली, आणि सोन्याची कुडी परातीत टाकली. ती टण्णकन वाजली.

विनीने परातीत वाकून पाहिलं.

"हे तर कुणालाही कळेल," ती म्हणाली. "हे कानातलं आहे."

"मग?" लॉरेल म्हणाली. "मला कुठे येतंय हे? मी पहिल्यांदाच करतेय."